कुंडीतल्या वडाचं वर्ष

जुन्या वाड्याच्या भिंतीत किंवा किल्ल्याच्या तटाच्या सांध्यात उगवलेला पिंपळ आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. मनगटाएवढं खोड, दगडाला धरून बसलेली गाठाळ मुळं आणि उंची मात्र जेमतेम दोन-तीन फूट. तोच पिंपळ गावातल्या पाराजवळ आभाळाला भिडलेला दिसतो. दोघांची जात एकच. पक्ष्याच्या विष्ठेतून बी कुठे पडलं, एवढाच काय तो फरक. मुळांना पसरायला जागा थोडी, पाणी बेताचं आणि वर आलेला शेंडा वारा, गुरं किंवा माणसं खुडणार, अशा ठिकाणी झाड जगतं, जुनं होतं, पण मोठं होत नाही.

बोन्सायमध्ये माणूस हेच जाणीवपूर्वक करतो. या जपानी शब्दातल्या ‘बोन’चा अर्थ उथळ कुंडी आणि ‘साय’चा अर्थ लागवड. ही कला मूळची चीनमधली. तिथे तिला पेनजिंग म्हणतात. जपानमध्ये ती पुढे वाढली आणि जगभर जपानी नावानं पसरली. आज महाराष्ट्रातल्या अनेक घरांच्या गच्चीवर वड, नांद्रुक, पिंपळ, उंबर, चिंच, बोगनवेल अशी झाडं उथळ कुंड्यांमधून दिसतात. माझ्या पुण्यातल्या गच्चीवरही अशा वीस-बावीस कुंड्या आहेत.

त्या पाहायला येणारी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: “या झाडांना उपाशी ठेवता का?” मोठी माणसं तो थोड्या वेगळ्या तऱ्हेनं विचारतात. घरात खुंटलेलं झाड ठेवलं की घराची भरभराट खुंटते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे, की बोन्साय म्हणजे वाढ रोखलेलं, अर्धपोटी झाड. ती बरोबर आहे का ते तपासून पाहू.

ठेंगू जात नव्हे

बोन्साय ही झाडाची वेगळी जात नव्हे. कुंडीतल्या वडाची फांदी तोडून जमिनीत लावली, तर तिचा पुरा मोठा वड होईल. हावड्याच्या वनस्पती उद्यानातला प्रसिद्ध वड दीड हेक्टरहून अधिक जागेवर पसरला आहे. कवकाची लागण झाल्यामुळे त्याचं मूळ खोड १९२५ साली काढून टाकावं लागलं. तेव्हापासून तो केवळ पारंब्यांच्या आधारानं उभा आहे. त्या वडात आणि कुंडीतल्या वडात जातीचा फरक नाही. फरक आहे तो वाढीला मिळणाऱ्या वाटेचा.

याची एक खूण फळात दिसते. बोन्सायची पानं काळजीपूर्वक छाटणीनं लहान होतात, फांद्या लहान असतात. पण फुलं आणि फळं फारशी लहान होत नाहीत. दीड फुटाच्या डाळिंबाला जवळजवळ नेहमीच्या आकाराचं डाळिंब लागतं. म्हणून जाणकार माणूस बोन्सायसाठी मुळातच लहान फळांची झाडं निवडतो.

आता उपासमारीबद्दल. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय आणि पेनजिंग संग्रहालयात पांढऱ्या जपानी पाइनचं एक झाड आहे. १६२५ सालापासून त्याची जोपासना चालू आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते त्याच शहरात, स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत होतं आणि वाचलं. १९७६ साली मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं. त्याची ही कहाणी मात्र संग्रहालयाला कळली २००१ साली, त्यांचे नातू ते झाड पाहायला आले तेव्हा. उपाशी ठेवलेलं झाड चारशे वर्षं जगत नाही. मग ते लहान राहतं कसं?

शेंडा आणि मूळ

झाडाच्या शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते फांदीतून ताशी सुमारे एक सेंटीमीटर वेगानं खाली उतरतं. ते उतरत असेपर्यंत पानांच्या बेचक्यांतल्या कळ्या झोपलेल्या राहतात. थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९३३-३४ साली बाकल्याच्या रोपांवर हे दाखवून दिलं. रोपाचा शेंडा कापला की बाजूच्या कळ्या फुटत. पण कापलेल्या जागी ऑक्झिन लावलं तर फुटत नसत.

गोष्ट इथे संपली नाही. वाटाण्याच्या रोपात शेंडा तोडल्याची ‘बातमी’ ऑक्झिनच्या वेगानं खाली पोचण्याआधीच खालच्या कळ्या वाढू लागतात, हे लक्षात आलं होतं. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याचं कारण दाखवलं: साखर. वाढता शेंडा रोपातली साखर स्वतःकडे ओढून घेत असतो. तो गेला की ती साखर काही तासांत खालच्या कळ्यांकडे वळते आणि त्यांना पहिली चालना मिळते. ऑक्झिनचं काम त्यापाठोपाठ येतं. म्हणजे शेंडा खुडल्यानं वाढ थांबत नाही, ती दहा ठिकाणी वाटली जाते. एका लांब फांदीऐवजी दहा आखूड डहाळ्या मिळतात, आणि दोन फुटांच्या झाडाला जुन्या वृक्षाचा डौल येतो.

खाली मुळांचा कारभारही असाच चालतो. मुळांच्या टोकांशी सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक तयार होतं आणि पाण्याबरोबर वर जाऊन कळ्यांना जागं करतं. पानं साखर खाली पाठवतात, मुळं पाणी आणि क्षार वर पाठवतात; कोणा एकाला दुसऱ्याच्या पुढे फार जाता येत नाही. कुंडी लहान म्हणजे मुळं थोडी, आणि मुळं थोडी म्हणजे पानंही थोडी. अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून २०१२ साली एक आकडा काढण्यात आला: कुंडीचं आकारमान दुप्पट केलं, तर रोपाचं वजन सरासरीनं ४३ टक्क्यांनी वाढतं.

तेव्हा बोन्साय म्हणजे दोन्ही बाजू लहान ठेवलेला, पण जमाखर्च जुळलेला हिशोब. आणि हिशोब म्हटला की कोणता खर्च केव्हा करायचा हे महत्त्वाचं ठरतं.

पुस्तकातला मार्च

बोन्सायवरच्या बहुतेक इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं की कुंडी बदलण्याचं काम मार्चच्या सुमाराला, कळ्या फुगू लागताना करावं. जपान किंवा इंग्लंडसाठी हे अगदी योग्य आहे. तिथली झाडं हिवाळाभर निजलेली असतात. अन्नाचा साठा खोडात आणि मुळांत भरलेला असतो, पानं नसतात आणि हवा थंड-दमट असते. अशा वेळी मुळं कापली तरी पाण्याची तूट पडत नाही.

पुण्या-नागपुरातला मार्च निराळा. उन्हाचा ताव वाढत असतो. उन्हाळ्यात पुण्याची दुपारची सापेक्ष आर्द्रता अनेकदा वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. पानांतून बाष्पोच्छ्वास जोरात चालू असतो. अशा वेळी वडाची मुळं कापणं म्हणजे खर्च वाढलेला असताना मिळकत तोडणं. म्हणून पुस्तकातला महिना नव्हे, तर त्यामागचं कारण उचलायचं. मुळं कापायची ती पानांवर पाण्याचा ताण कमी असताना; फांद्या कापायच्या त्या नवी वाढ लगेच येणार असताना. या दोन वाक्यांतून आपलं वर्षाचं वेळापत्रक आपोआप तयार होतं.

माघ-फाल्गुन: वरचं काम

थंडी ओसरते आणि पालवी फुटायला थोडा अवकाश असतो, तेव्हा मोठ्या फांद्यांचं काम करावं. पिंपळाची पानं गळून गेल्यानं फांद्यांची रचना स्पष्ट दिसते. साठवलेलं अन्न खोडात असतं, आणि पुढच्या काही आठवड्यांत येणाऱ्या पालवीच्या जोरावर जखमाही भरून येऊ लागतात. वड, नांद्रुक यांना कापल्यावर पांढरा चीक येतो. तो ओल्या फडक्यानं पुसून घ्यावा.

जुन्या झाडाला नवं रूप देण्याची सुरुवात याच वेळी करतात. एक उदाहरण घेऊ. बरीच वर्षं सांभाळलेल्या नांद्रुकाचा वरचा भाग छत्रीसारखा दाट झाला आहे, खालच्या फांद्या मात्र किडकिडीत राहिल्या आहेत. असं का होतं ते आता सांगता येईल. वरचे शेंडे साखर ओढतात, वर खालच्या फांद्यांवर सावलीही धरतात. म्हणून पहिल्या वर्षी मधला शेंडा एखाद्या बाजूच्या फांदीपर्यंत मागे घ्यायचा, वरची दाटी विरळ करायची आणि खालच्या फांद्यांना हातही लावायचा नाही. जी फांदी जाड व्हायला हवी, ती खुशाल लांब वाढू द्यायची. तिच्यावर पानं जास्त, म्हणजे तिच्यात साखर जास्त, म्हणजे तिचं लाकूड जास्त. हवी तेवढी जाडी आली की मग ती मागे छाटायची.

मोह होतो तो सगळं एकाच दिवशी करण्याचा: छाटणी, तार, नवी कुंडी. तो टाळावा. मुळं कापताना वरची थोडी पानं कमी करणं ठीक असतं, त्यानं पाण्याचा खर्च घटतो. पण नवी मुळं फुटायला साखर आणि ऑक्झिन लागतं, आणि ते पानांकडूनच येतं. वरची-खालची दोन्ही खाती एकदम रिकामी केली, तर झाडानं उभं राहायचं कशाच्या बळावर? एका हंगामात एका झाडावर एकच मोठं काम, हा नियम पाळला की तीन वर्षांत झाडाचं रूप पालटतं आणि झाडही टिकतं.

उन्हाळा: पाणी आणि सावली

चैत्र-वैशाखात शोभेचं काम नाही. झाड जगवणं हेच काम. गच्चीवरच्या उथळ कुंडीतली माती तापते आणि कोवळी मुळं भाजून निघतात. दुपारच्या उन्हापासून हिरव्या जाळीची सावली, सकाळ-संध्याकाळ पाणी आणि कुंडी थेट फरशीवर न ठेवता विटांवर ठेवणं, एवढं तरी करावंच लागतं.

मृगाच्या तोंडाशी, हवेत दमटपणा येऊ लागला की वड-नांद्रुकाच्या निरोगी झाडाची सगळी पानं देठ ठेवून कापता येतात. काही आठवड्यांत नवी पानं येतात, ती संख्येनं जास्त आणि आकारानं लहान असतात. तेवढाच अन्नसाठा आता अधिक कळ्यांत वाटला गेलेला असतो. हे काम वर्षातून एकदाच करावं. अशक्त झाडावर आणि त्याच पावसाळ्यात कुंडी बदलायच्या झाडावर ते मुळीच करू नये.

पावसाळा: मुळांचं काम

आषाढात हवा ओलसर असते, ऊन मवाळ असतं आणि वडवर्गातल्या झाडांची वाढ मात्र जोरात असते. कुंडी बदलायला आपल्याकडे यासारखी वेळ नाही. एक-दोन वर्षांनी झाड बाहेर काढलं की मुळांनी कुंडीच्या आकाराची वेटोळी घातलेली दिसतात. त्यांतली बाहेरची जाड मुळं साधारण एक तृतीयांश कापून टाकतात. यात झाडाचं नुकसान कमी आणि फायदा अधिक असतो. पाणी मुख्यतः शोषतात ती मुळांची कोवळी टोकं आणि त्यांजवळचे मूलरोम. जुनी जाड मुळं म्हणजे बव्हंशी नळ. वरून उतरणारं ऑक्झिन कापलेल्या टोकापाशी साठतं आणि तिथून बारीक मुळांचा झुपका फुटतो. नवी पालवी दिसेपर्यंत झाड सावलीत ठेवायचं आणि खत द्यायचं नाही.

माती कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बागेतली बारीक माती उथळ कुंडीला चालत नाही. पाण्याचा निचरा झाल्यावरही कुंडीच्या तळाशी पाण्यानं गच्च भरलेला एक थर उरतो. त्याची उंची मातीच्या कणांवर अवलंबून असते, कुंडीच्या खोलीवर नाही. कण बारीक, तर थर उंच. फूटभर खोल कुंडीत दोन इंचांचा थर चालून जातो. दोन इंचांच्या कुंडीत तोच थर काठापर्यंत येतो आणि मुळं हवेअभावी कुजतात. म्हणून विटांचे चाळून घेतलेले बारीक तुकडे, जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं खत असं भरड मिश्रण वापरतात. तळाशी खडीचा थर घालून प्रश्न सुटत नाही. बारीक मातीतलं पाणी ती भिजून गच्च झाल्याशिवाय खालच्या खडीत उतरतच नाही. ओला थर नुसता वर सरकतो.

वडाला पारंब्या फुटतात त्याही याच दिवसांत, कारण दमट हवेत त्यांची टोकं सुकत नाहीत.

तार आणि नवं लाकूड

फांदीला वळण देण्यासाठी तिच्यावर अ‍ॅल्युमिनिअमची तार गुंडाळतात. तार फांदीला वाकवते, पण वाकलेली ठेवते ती फांदी स्वतः. सालीच्या आत ऊतिकर नावाचा पेशींचा पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला सतत नवं लाकूड घालत असतो. वाकलेल्या स्थितीत नवं लाकूड पुरेसं साठलं की तार काढली तरी वळण राहतं. म्हणजे तारेचं काम वाढीच्या दिवसांतच होतं. पण त्याच दिवसांत फांदी जाडही होते आणि तार सालीत रुतते. सालीत रसवाहिन्या असतात. त्या चेपल्या की साखरेची वाट अडते. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला तार पाहावी आणि रुतण्याआधी ती तुकडे करून कापावी. उलगडायला गेलं तर फांदी मोडते.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या उबेत आणखी थोडी वाढ होते. तेव्हा हलकं खत द्यावं, शेंडे खुडावेत. डिसेंबर-जानेवारीत वडवर्गातल्या झाडांची वाढ मंदावते. आता केलेली जखम बराच काळ उघडी राहते, म्हणून कात्री बाजूला ठेवावी. पाणी कमी करावं आणि झाडाचं चित्र काढावं. चित्र काढताना कोणती फांदी नको आहे ते नेमकं कळतं.

वर्गात करून पाहण्यासारखं

एक: चौकोनी स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज हळूच उभा करा. पुन्हा पाणी गळू लागतं! स्पंज तोच, पाणी तेच. बदलली ती फक्त उंची. उथळ कुंडीत ओल का राहते, ते मुलांना एका मिनिटात समजतं.

दोन: वालाची किंवा राजम्याची आठ-दहा रोपं वाढवा. पहिली पानांची जोडी मोठी झाल्यावर निम्म्या रोपांचा शेंडा तिच्यावरून खुडा. पानांच्या बेचक्यांत काय होतं ते रोज मोजून वहीत मांडायला सांगा. न खुडलेल्या रोपांशी तुलना करायला विसरू नका.

छळ की सांभाळ?

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. झाडाला मज्जासंस्था नाही; आपल्यासारखं दुखणं त्याला असावं, असं मानायला आधार नाही. शेंडा खुडला जाणं हा निसर्गात गुरं, वारा आणि किडी यांच्यामुळे घडणारा नित्याचा प्रकार आहे, आणि त्यातून सावरण्याची सोय झाडात आहे. घराच्या भरभराटीशी तर कुंडीतल्या वडाचा काहीही संबंध नाही. पण एक गोष्ट खरी आहे. भिंतीतल्या पिंपळाची मुळं ओलीच्या शोधात दूरवर जातात. कुंडीतल्या वडाला तशी वाटच नाही. मे महिन्यात दोन दिवस पाणी चुकलं तर तो मरेल. त्याचा जमाखर्च आपण हातात घेतला, म्हणजे जबाबदारीही घेतली.

आणि याच नजरेनं आपण शाळेबाहेरच्या रस्त्याकडे पाहावं. खोडाला भिडेपर्यंत सिमेंट किंवा फरशी बसवलेली झाडं जागोजागी दिसतात. त्यांनाही एक प्रकारे कुंडीत घातलं गेलं आहे. फरक इतकाच, की त्यांची माती कोणी बदलत नाही, सिमेंटखाली पाणी आणि हवा पोचत नाही, आणि भर उन्हाळ्यात त्यांच्या मोठ्या फांद्या कोणताही हिशोब न करता तोडल्या जातात. दिल्लीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ साली झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, ते याच कारणानं. आपल्या शाळेच्या आवारातल्या आणि समोरच्या रस्त्यावरच्या झाडांच्या बुंध्याभोवती किती माती मोकळी आहे, ते मुलांना टेप घेऊन मोजायला सांगा. उपाशी झाड म्हणजे काय, याचं उत्तर त्यांच्या वहीत आकड्यांत उतरेल.